परबकाकूचा गेंडा

गेंडा बघितला की लोकांना जंगल आठवतं. मला परबकाकू आठवते. हे मी तिच्या तोंडावर बोललो असतो तर तिने हातातला माऊस फेकून मारला असता. पण खरं ते खरं.

आधी गेंडा म्हणजे काय ते सांगून टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटेल काकू सर्कशीत कामाला होती. कम्प्युटरच्या पोटात एक जाडजूड पट्टी बसवतात, तिला पंखे असतात, तिला म्हणतात ग्राफिक्स कार्ड. गेम खेळायचा असो नाहीतर व्हिडिओ बनवायचा असो, सगळा भार तिच्यावर. काकू ज्या कंपनीचं कार्ड वापरायची तिचं नाव इंग्रजीत इतकं लांब की माझ्या तोंडात मावत नाही. डब्यावर गेंड्याचं तोंड छापलेलं, म्हणून आमच्या भांडुपच्या चाळीत सगळे त्याला गेंडाच म्हणायचे.

काकूचा धंदा लग्नाचे व्हिडिओ कापायचा. शूटिंग दुसरे करणार आणि सगळा माल काकूकडे येणार. त्यातून कोणाची जांभई काढायची, कोणाच्या मामाचं भांडण काढायचं, नवरानवरीच्या डोक्यावर गुलाबाच्या पाकळ्या कधी पाडायच्या, हे काकू ठरवणार. आणि मी? मी लग्नात लाईट धरतो. कॅमेरावाल्याच्या मागे जो माणूस हात वर करून उभा असतो आणि ज्याला जेवायला सगळ्यात शेवटी बोलावतात, तो मी. शिक्षणाचं विचारू नका. शाळेत मी ज्या वर्गात बसायचो, त्या वर्गाला मी इतका आवडलो की त्याने मला पुढे जाऊच दिलं नाही.

काकूची ओळख झाली ती माझ्या एका पराक्रमामुळे. मुलुंडच्या एका लग्नात मी अख्खा वेळ लाईट मारला नवरीच्या बहिणीवर. तिची साडी जास्त भारी होती, मला काय माहीत? काकूने निरोप धाडून बोलावून घेतलं. मला वाटलं, काम आवडलं. केस विंचरून गेलो.

'तूच काय रे तो लाईटवाला?'

'हो काकू.'

'बस हय. बघ आणि सांग, यात नवरी कोण.'

मी बघितलं. मलाही सापडेना.

'मेल्या, नवरा अंधारात, नवरी अंधारात आणि मेव्हणीचा उदोउदो. उद्या त्या पोराने चुकून मेव्हणीला घरी नेली तर कोण जबाबदार?'

एवढं बोलून तिने माझ्यापुढे मालवणी खाज्याचा डबा सरकवला आणि मला दाखवत बसली, नवरी कशी ओळखायची, ओवाळताना लाईट कुठे धरायचा, अक्षता पडताना कुठे. त्या दिवसापासून 'बाबल्या, मेल्या, गाढवा' ही माझी तीन नावं झाली आणि मी तिचा माणूस झालो. कोणी विचारलं की सांगायची, 'गाढव आहे, पण खोटं बोलत नाही.' माझ्याकडे हे एकच सर्टिफिकेट आहे. दुसरं कोणी दिलंच नाही.

काकूची खोली बैठी, वर पत्रा. उन्हाळ्यात आत शिरलं की आपण भाकरी झालो असं वाटायचं. खिडकीपाशी मशीन, मशीनवर काकूने स्वतः विणलेलं लोकरीचं कव्हर, काम चालू असताना काढायचं आणि झाल्यावर परत घालायचं, जसं काय त्याला सर्दी होणार. चष्म्याला दोरी. तो नाकावर कमी आणि छातीवर जास्त. व्हिडिओ तयार व्हायला लावला की दारावर लाल टॉवेल टाकायची. लाल टॉवेल दिसला की आमच्या चाळीत कोणी मिक्सर लावायचा नाही, कोणी इस्त्री लावायची नाही, कारण लाईट गेली तर कोणाचं तरी लग्न अर्ध्यात मोडणार. बायका वाटण पाट्यावर वाटायच्या. एकदा मी टॉवेल वाळत घातलाय समजून अंघोळीला घेऊन गेलो. बाहेर आलो तर तीन घरांत मिक्सर चालू आणि काकू दारात उभी. पुढचं सांगत नाही. अंगावर फक्त तो टॉवेल होता आणि तोही तिने मागून घेतला.

परबकाका विक्रोळीला कारखान्यात होते. रविवारी लग्नांची कामं करायचे. ते अचानक गेले तेव्हा काही लग्नं कापायची राहिली होती. लोक भेटायला आले आणि हळूच म्हणाले, राहू दे वहिनी, आम्ही दुसरीकडे देतो. काकूने तोवर माऊसला हातसुद्धा लावला नव्हता. म्हणाली, 'ह्यांनी शब्द दिला होता ना? मग मिळणार.' आणि बसली मशीनपुढे. पहिलं लग्न तिने उलटं कापलं, आधी पाठवणी आणि मग हळद. त्या घरच्यांनी सांगितलं, फ्लॅशबॅक छान घेतलाय. तिथून सुरुवात.

त्या मशीनमध्ये पहिल्यापासून गेंडा होता. त्या पत्र्याखालच्या भट्टीत तो वर्षानुवर्षं चालला. कधी आजारी नाही, कधी रजा नाही. काकू म्हणायची, 'माणूस गेला, गेंडा चालला.'

मग ती गेंड्याचीच झाली. नवीन मॉडेल आलं की जुनं विकून तेच घ्यायची, रिकामे डबे कपाटावर ओळीने मांडायची. कंपनीने कधीतरी फुकट दिलेली टोपी घालून बाजारात जायची, नऊवारीवर नाही, पण मॅक्सीवर घालायची. दुसऱ्या कंपनीचं कौतुक करणाऱ्याला तिच्याकडे चहा मिळायचा नाही. पाणी मिळायचं. 'वस्तू घेतली की निभवायची. ज्याला कंपनी बदलायची सवय लागते तो उद्या गाव बदलतो, परवा बाप बदलतो.' असं बोलून बोलून तिने अख्ख्या चाळीला, मागच्या गल्लीला, मुलुंड-घाटकोपरच्या ओळखीच्या एडिटिंगवाल्यांना गेंडा घ्यायला लावला. कमिशन नाही, काही नाही. फक्त, 'माझ्या शब्दावर घे.'

तिच्या शब्दावर मीपण घेतला. फक्त माझ्याकडे कम्प्युटर नव्हता.

हसा. सगळे हसलेत. मला वाटलं, टीव्हीला मागून लागत असेल. मग गेंड्यासाठी कम्प्युटर जमवला, जुना, कुर्ल्याहून. तर गेंडा मोठा आणि कम्प्युटरचा डबा छोटा. मग पत्रा कापायची कात्री आणली आणि डब्याची एक बाजू उडवली. गेंड्याचं ढुंगण बाहेर राहिलं, पण चालू झाला. मी त्यावर ट्रक चालवायचा गेम खेळायचो. खऱ्या रिक्षाचं लायसन मला कोणी देत नव्हतं. आरटीओवाले बरोबर होते. माझा घरातला ट्रकसुद्धा रोज दरीत जायचा.

दसऱ्याला काकू मशीनची पूजा करायची. सुतार करवतीची करतो, रिक्षावाला रिक्षाची करतो, तसंच. पण काकूची पूजा वरवरची नाही. डबा उघडायची, गेंडा बाहेर काढायची, मऊ ब्रशने धूळ काढायची, पाठीवरच्या लोखंडी पत्र्याला हळदकुंकवाची बोटं लावायची आणि परत जागेवर बसवायची. झेंडूचं फूल डब्याच्या वर. बाकी हळदकुंकवाला काकूला कोणी बोलवत नव्हतं, काका गेल्यापासून. तिनेच ज्यांच्या पोरींची लग्नं कापली त्या घरांतूनही नाही. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. पण दसऱ्याच्या दिवशी गेंड्याला कुंकू लावताना तिचा हात सैल असायचा. भरपूर लावायची.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधीच काकूने, आणि तिच्यामागून आम्ही सगळ्यांनी, गेंड्याचं नवीन मॉडेल घेतलं होतं. तुळशीचं लग्न झालं, माणसांची सुरू झाली, कामाचा ढीग लागला. आणि पहिला जळला सुनीलचा.

सुनील कांबळे मागच्या गल्लीत लग्नाचे अल्बम बनवतो. शांत माणूस. गेंड्याला करंट द्यायची वायर जिथे खुपसतात, ती जागाच वितळली. प्लास्टिकचा लगदा झालेला. तो कार्ड घेऊन काकूकडे आला. मी तिथेच होतो, खाजा खात.

काकूने चष्मा डोळ्यावर घेतला. 'तू नीट खुपसली नसशील.'

'काकू, शेवटपर्यंत खुपसली होती.'

'मग वळवली असशील. गेंडा असा जळत नाही. सुनील, तुम्ही लोक घाई करता.'

सुनील कार्ड पिशवीत घालून गेला.

मग माझा जळला. आता माझ्याबद्दल कोणाला शंकाच नव्हती. माझा ट्रक घाटात होता, तेवढ्यात धूर आला. मी एका क्षणात हुशारी केली. तांब्याभर पाणी ओतलं. नशीब, मेन स्विच आधीच पडला होता, नाहीतर हे तुम्हाला दुसऱ्या कोणीतरी सांगितलं असतं. काकू म्हणाली, 'तुझा जळला नसता तर मला आश्चर्य वाटलं असतं.' मीपण म्हणालो, मलापण.

आणि मग एका दुपारी काकूच्या दारावर लाल टॉवेल असताना आतून वास आला. मी धावत गेलो. काकू खुर्चीत बसलेली, हातात वायर, वायरीचं टोक काळं. लोकरीचं कव्हर मांडीवर. मला वाटलं, रडणार. मी पाणी आणू का विचारलं.

'तू पाण्याचं नाव काढू नको.'

उठली, चपला घातल्या, सुनीलच्या घरी गेली. मी मागून. सुनीलची बायको दारात होती, आई आत भाजी निवडत होती. काकूने दारातूनच सगळ्यांसमोर सांगितलं, 'सुनील, मी तुला बोलले ते चुकीचं बोलले. तू नीट खुपसली होतीस. मीपण नीटच खुपसली होती. तू माझ्या शब्दावर घेतलास आणि मी वर तुलाच चोर केलं.'

'जाऊ दे काकू.'

'जाऊ दे कसं? माझा शब्द आहे. तो काय रस्त्यावर पडलाय?'

तर सगळं इथे अडकलं होतं. जळलेलं कार्ड काय, दुसरं घेता येतं. पण ज्यांनी ज्यांनी तिच्या तोंडाकडे बघून गेंडा घेतला, त्यांना जर कंपनी म्हणाली, तुमच्या हातानेच वाट लागली, तर काकूचा शब्द खोटा पडणार. ती म्हणाली, 'वॉरंटी आहे. कंपनी आपली आहे. त्यांना फक्त कळायला पाहिजे.' अजूनसुद्धा 'आपली' म्हणत होती.

सर्व्हिस सेंटर अंधेरीला. घाटकोपरहून मेट्रोने गेलो, काकू, सुनील, मी, आणि पिशवीत टॉवेलात गुंडाळलेले तीन गेंडे. आत एसी, काच, भिंतीवर गेंड्याचं मोठं चित्र. काकूने चित्राला हळूच नमस्कार केला, मी बघितलं. काउंटरवर टाय लावलेला मॅनेजर. काकूचं कार्ड त्याने उलटं केलं, सुलटं केलं आणि बोट ठेवलं पाठीवरच्या लाल डागांवर.

'मॅडम, गंज आहे. गंज असला की वॉरंटी नाही. तुम्ही दमट जागेत ठेवलंय.'

'मुंबईत कोरडी जागा कुठे असते रे बाबा? आम्ही पण येऊन राहतो.'

'मॅडम, पॉलिसी आहे. हा बघा ना, स्पष्ट दिसतोय गंज.'

काकूने कार्ड त्याच्या हातातून घेतलं. बोट जिभेला लावलं, त्या लाल डागावर फिरवलं आणि ते बोट स्वतःच्या कपाळाला लावलं. मधोमध. मोठं, गोल.

'गंज कपाळाला लावतात काय रे? तुझ्या आईला विचार जाऊन. दसऱ्याचं कुंकू आहे ते.'

मागे रांगेत उभा असलेला माणूस हसला. मॅनेजर लाल झाला, कुंकवापेक्षा जास्त. मी मात्र हसलो नाही. परबकाका गेल्यापासून मी तिच्या कपाळाला कुंकू बघितलं नव्हतं. तिने ते पुसलंही नाही. तसंच कपाळ घेऊन ती मेट्रोत बसली, तसंच भांडुपला उतरली, तसंच भाजीवाल्याशी भांडली. चाळीत बायका बघत राहिल्या. एकीने विचारलंच, 'हे काय काकू?' काकू म्हणाली, 'गंज आहे. सर्टिफाईड.'

पण गंजातून सुटलो तरी पुढे खड्डा होताच. मॅनेजरने तिथल्या तिथे दुसरं उत्तर काढलं, की वायर पूर्ण खुपसली नव्हती, ग्राहकाची चूक. सुनीलचंही तेच. आणि माझं कार्ड बघून त्याने विचारलं, 'यात पाणी कसं गेलं?'

आता कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता, माहीत नाही. मी म्हणालो, 'मी ओतलं.'

सुनीलने डोळे मिटले. मॅनेजरने माझ्याकडे इतक्या प्रेमाने बघितलं की काय सांगू. दिवसभरात त्याला भेटलेला पहिला प्रामाणिक ग्राहक मीच होतो.

'वस्तूला आग लागली तर माणूस काय ओततो?' काकू कडाडली. 'सरबत?'

त्या दिवशी हात हलवत परत आलो. येताना काकू एकच वाक्य परत परत बोलत होती. 'मी सुनीलला जे बोलले, तेच मला बोलला तो. तेच्या तेच शब्द.'

ही गोष्ट बाजारात पसरली तसा दुसऱ्या कंपनीचा एक डीलर काकूकडे आला. पेढे घेऊन. म्हणाला, आमचं कार्ड फुकट वापरा, फक्त लोकांना सांगा की गेंडा सोडला आणि सुखी झाले. काकूकडे त्या वेळी मागून आणलेलं जुनं, खोकणारं मशीन होतं. एका लग्नाला एरवी जेवढा वेळ लागायचा त्याच्या कितीतरी पट लागत होता, गिऱ्हाइकं दुसरीकडे चालली होती. मी डोळ्यांनी खुणावत होतो, घे, घे. काकूने त्याला पाणी दिलं. चहा नाही.

'भाऊ, माझं घरात भांडण चालू आहे. म्हणून काय मी शेजाऱ्याकडे राहायला जाऊ?'

तो गेल्यावर मी म्हणालो, 'काकू, फुकट होतं गं. आणि तुझ्या गेंड्याने तुला लाथ घातलीये.'

'लाथ गेंड्याने नाही घातली. टायवाल्याने घातली. आणि मी आज पळाले तर सुनीलचं कोण बोलणार? तुझं कोण बोलणार? तुका तर बोलताच येत नाही, बोललास की सगळं बुडवतोस.'

पेढे मी खाल्ले. कोणीतरी खायला हवे होते.

मग काकूने तिचं हत्यार काढलं. तिला दुसरं काय येत होतं? लग्नाचा व्हिडिओ. आमच्यासारखे जळालेले जिथे जिथे होते, विक्रोळी, घाटकोपर, मुलुंड, तिथून फोटो मागवले आणि रीतसर लग्न लावून दिलं. सुरुवातीला सनई. मग आकाशातून अक्षरं उडत आली, 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'. मग बदामाच्या चौकटीत सुनीलचं वितळलेलं कार्ड, वरून गुलाबाच्या पाकळ्या. मग कबुतरं उडाली आणि माझं कार्ड आलं, खाली नाव, 'चि. बाबल्या यांजकडील'. मंगलाष्टकांच्या चालीवर काकूने स्वतःच्या आवाजात म्हटलं होतं, वायर पूर्ण खुपसूनही जळाले, शुभ मंगल सावधान. शेवटी सर्व्हिस सेंटरचा पत्ता आणि 'आहेर स्वीकारला जाणार नाही'.

तो व्हिडिओ लग्नवाल्यांच्या ग्रुपवर सुटला तो सुटलाच. अंधेरीच्या सर्व्हिस सेंटरबाहेर अनोळखी माणसं पिशव्या घेऊन उभी राहायला लागली.

मग फोन आला. बोलावणं आलं. या वेळी चहा त्यांनी दिला. मॅनेजरने सांगितलं की कंपनी मोठ्या मनाने सगळ्यांची कार्डं बदलून देईल. अगदी, असं म्हणून त्याने माझ्याकडे बघितलं, पाण्यातलंसुद्धा. फक्त एक छोटी गोष्ट. मॅडमनी तो व्हिडिओ काढून टाकायचा आणि दुसरा छोटासा व्हिडिओ द्यायचा, की आमच्याकडून वायर नीट लागली नव्हती, कंपनीने सांभाळून घेतलं. बस्स.

सुनीलच्या हातातली लग्नं अडकली होती, अल्बम द्यायचे होते, त्याच्या घरी काय चाललं होतं मला माहीत होतं. आणखी चारपाच जण होते आमच्याबरोबर, सगळे धंदेवाले, सगळे काकूकडे बघत होते. मी म्हणालो, 'काकू, बोल ना दोन शब्द. आपली चूक म्हण. माझी तर आहेच. सगळं माझ्यावर ढकल, मला सवय आहे.'

'सगळ्यांचं म्हणजे सगळ्यांचं. तू गाढव आहेस, पण गेंडा घेतलेलं गाढव आहेस.' मग तिने सुनीलकडे बघितलं. 'सुनील, तू बोल. तुझं नुकसान मोठं आहे. तू म्हणालास तर मी बोलते.'

सुनीलने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, 'काकू, मी नीट खुपसली होती.'

एवढंच म्हणाला.

काकू उठली. पदर नीट केला. 'साहेब, घ्या व्हिडिओ. हा बाबल्या लाईट धरेल.' मॅनेजर खूश. स्वतःचा मोबाईल धरून उभा राहिला. मी माझ्या मोबाईलचा लाईट वर केला. मला वाटलं, झालं, वाकली काकू. आणि खरं सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं.

काकू मोबाईलकडे बघून बोलायला लागली. 'मी शालन परब. भांडुप. चूक माझी आहे.'

मॅनेजरने मान हलवली.

'चूक माझी, की मी लोकांना सांगितलं, हा गेंडा घ्या, डोळे मिटून घ्या. चूक माझी, की पहिला जळला तेव्हा मी माझ्या माणसाला खोटा ठरवला आणि कंपनीला खरी. वायर नीटच होती. सुनीलची नीट होती, माझी नीट होती, या गाढवाचीसुद्धा नीट होती. ज्यांनी माझ्या शब्दावर घेतलं त्यांची मी माफी मागते. कंपनीने कोणाची मागायची ते कंपनीने बघावं. झालं. बंद करा.'

मॅनेजरने ते बंद केलं आणि पुसूनही टाकलं असणार. पण आमच्या बरोबरच्या सगळ्यांचे मोबाईल बाहेर होते. लग्नवाली माणसं ती. समोर काही घडलं की हात आपोआप वर जातो.

तो व्हिडिओ पहिल्यापेक्षा लांब गेला. त्याला ना सनई, ना पाकळ्या. बाहेरची रांग वाढली. आणि काही आठवड्यांनी, गाजावाजा न करता, एकेकाला फोन आले, कार्ड घेऊन जा. सुनीलला आला, काकूला आला, शेवटी मलापण आला. नवीन कार्डात वायर खुपसायची जागा बदललेली होती. चूक कोणाची, यावर कंपनी एक अक्षर बोलली नाही. काकूने नवीन गेंडा घेतला, नाकाशी धरून वास घेतला आणि म्हणाली, 'हक्काचा आहे. मेहरबानीचा नाही.' टोपी मात्र परत घातली नाही.

मग आमची चाळ बिल्डरकडे गेली. माणसं पांगली, काकू अंधेरीला भावाकडे राहायला गेली, नवीन घर मिळेपर्यंत. फोनवर शिव्या मिळायच्या, भेट होत नव्हती.

परवा अंधेरीला एका हळदीचं काम होतं. स्टँड खांद्यावर टाकून चाललो होतो, तर समोर तेच सर्व्हिस सेंटर आणि बाहेर काकू. शेजारी एक जोडपं, बाईच्या हातात गेंड्याचा डबा, डोळे रडून सुजलेले. मी हाक मारली. काकूने वळून बघितलं. ना कसा आहेस, ना काही.

'बाबल्या! बरा आलास. ये, उभा रव. माणसं जास्त दिसायला हवीत.'

'काकू, आपलं तर सगळ्यांचं झालं ना? हे कोण?'

'मला काय माहीत? बोरिवलीची आहेत. आत्ताच बाहेर आली रडत. एकटीच गेली होती आत. एकटा गेला की अजून तेच सांगतात, तुमची चूक.'

'पण यांनी तुझ्या शब्दावर घेतला नाही.'

'म्हणून काय झालं? यांनी नीट खुपसलीय.' आणि ती त्या बाईकडे वळली. 'डोळे पुस गं. रडत आत नाही जायचं.'

माझा फोन वाजत होता, हळद सुरू झाली होती, नवरी कोण ते शोधायचं होतं. मी काचेच्या बाहेरून बघितलं. काकूने डबा काउंटरवर ठेवला, आतून कार्ड काढून मॅनेजरच्या पुढ्यात सरकवलं. बाजूची खुर्ची ओढून त्या बाईला बसवलं. मग दुसरी ओढली आणि स्वतः बसली, पाय वर घेऊन, मांडी घालून, जशी ती घरी मशीनपुढे बसायची. आतलं काही ऐकू येत नव्हतं. मॅनेजर काहीतरी सांगत होता, हात हलवत होता. काकू नुसती मान हलवत होती, नाही, नाही. थोड्या वेळाने तो उठून उभा राहिला. ती बसूनच होती.